मामाचा कातळ

कातळघोळ गावाखाली, नदीच्या उतारावर, एक काळा कातळ आहे. त्याच्या माथ्यावर ओंजळभर खळगा. गावात कोणाचेही उष्टावण असो, नाचणीची पहिली पेज त्या खळग्यात वाढतात आणि आई तिथूनच बोटाने बाळाला चाटवते. मामा शेजारी उभा असतो, पण त्याची पाळी नंतर. मामाचा मान दगडाला कसा, असे पाहुण्यांनी विचारले की इथले म्हातारे त्यांना कातळापाशी बसवतात. मग सांगतात.

आवडा नावाची एक सून होती म्हणे. माहेर नदीपलीकडे. तेव्हाची रीत अशी, की बाळाच्या तोंडी पहिले अन्न मामाच्याच हातून पडायचे. तोवर दुधाखेरीज काही नाही. आवडाचा भाऊ भिवा पूर ओसरला की येणार होता. पूर ओसरेना. त्यातच आवडा तापाने फणफणली आणि तिचे दूध आटले. गायी-शेळ्यांचे गोठे त्या साली रोगाने ओस पडले होते.

बाळ आधी रडायचे. मग रडेनासे झाले. आवडाला त्या गप्प होण्याचीच धास्ती बसली.

"आत्याबाई, नाचणीला मोड आणून सत्त्व काढलंय. पातळ शिजवून दोन बोटं चाटवते."

"आणि भिवा दारात आला म्हणजे?" सासू म्हणाली. "मामा जिता असताना त्याचा घास दुसऱ्यानं दिला, तर माहेर तुटतं, आवडे. मी नाही म्हणत, रीत म्हणते."

"मग रीतीलाच विचारा, पोर अजून किती कळ काढील!"

असे म्हणाली खरी, पण तिचा धीर होईना. दादा समजून घेईल, असे एकदा वाटे. त्याचा राग आठवला की उचललेली वाटी परत खाली ठेवी. शेवटी बाळ आणि पेजेची वाटी घेऊन ती नदीवर आली. पैलतीरावर भिवा उभाच होता. तिने जीव तोडून हाका मारल्या. पाण्याच्या घोंघाटात त्याला काय ऐकू गेले कोण जाणे. त्याने हात वर करून 'थांब' अशी खूण केली.

बाळाची मान कलंडली होती. आवडाने कपाळाचे कुंकू बोटावर घेतले, कातळाला लावले आणि म्हणाली, "आजपुरता तू माझा भाऊ हो." तिने पेज ओतली, तसा कातळ मेणासारखा खचला आणि खळगा पडला, असे सांगतात. बाळाने बोट चाटले. मग पुन्हा ओठ हलवले.

तिने मान वर केली तेव्हा भिवा पाठमोरा चालला होता. तो रागावला होता, की न कळताच परतला, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. पूर ओसरला, तो आला नाही. बाळ वाढले, त्याला लेकरे झाली. आवडाला मात्र माहेरचे बोलावणे कधी आले नाही.

आजही उष्टावणाला मामा आधी कातळावर डोके टेकतो. मग बहिणीचे नाव काही का असेना, तिला म्हणतो, "आवडे, मी रागावलो नाही गं." तेवढे म्हटल्यावाचून त्याच्या हाती वाटी देत नाहीत.