उडीच्या टप्प्यापलीकडचं झाड

माणूस हे नाव अजून कुणालाच पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आकाशात एक तारा फुटला, हवा फिरली आणि पिढ्यानपिढ्या पाऊस आटत जाऊन जंगल विरळ झालं. तरी वानरांचा म्हातारा म्होरक्या भुंड्या बजावत राही, "जमिनीला पाय लावेल तो आपला नव्हे!"

पिंगी वानरीच्या उंबरावर चारच फळं उरली आणि पुढचं झाड उडीच्या टप्प्यात नव्हतं. एका हातात पिल्लू, दुसऱ्यात फळं घेऊन ती खाली उतरली. चालायला दोनच पाय मोकळे होते.

"अगं, चालतेस कुठं, पडतेस!" भुंड्या खदखदून हसला.

"पडतेय खरी," पिंगी म्हणाली, "पण दर खेपेला थोडी पुढे."

भुंड्या संध्याकाळपर्यंत हसत होता. मग सोबत कोण हसतंय म्हणून त्याने वळून पाहिलं. फांद्या रिकाम्या होत्या, आणि खाली धुळीत पावलांच्या जोड्याच जोड्या उमटल्या होत्या.