सिपोराबाईचा शनिवार

खाडीवर पूल व्हायचा होता, घड्याळ कोणी पाहिलं नव्हतं, वार विचारायला माणसं एकमेकांच्या दारात जात होती, त्या काळात तिळखार गावात सिपोराबाई राहत होती.

तिळखारात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणात स्थायिक झालेल्या ज्यूंची, सात घरं होती आणि सात घरांचे सात तेलघाणे. सहा दिवस घाणे करकरायचे आणि सातव्या दिवशी गप्प व्हायचे. म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्याकडे धर्माचं पुस्तक नव्हतं. वाडवडिलांचं गलबत फुटलं तेव्हा पुस्तकं समुद्रात गेली, असं म्हणतात. उरली ती तोंडपाठ प्रार्थना, मुलग्याची आठव्या दिवशीची सुंता, आणि शनिवार. तेवढ्यावर त्यांनी शेकडो वर्षं काढली होती. शनिवार हरवला असता तर ही सात घरं इतर तेल्यांसारखे तेली झाली असती, आणि आपण कोण होतो हे त्यांच्या नातवंडांना कळलंही नसतं.

हा शनिवार सिपोराबाई राखत होती. ती विधवा होती, घाणा एकटीने चालवायची. तिच्या ओसरीवर सहा मडकी होती. रोजच्या तेलाने रोज एक मडकं भरायचं. सहावं भरलं की ती बाहेर येऊन सांगायची, "आज शुक्रवार. दिवे लावा." मग सातही घरांत दिवा लागायचा आणि सूर्य मावळताच शनिवार सुरू व्हायचा. कोणाचं बाळ आठ दिवसांचं झालं, कोणाचा मुलगा तेरा वर्षांचा झाला, कोणाच्या मुलीला बारावं सरलं, हेही तीच सांगायची. असं म्हणतात की साठ वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता.

एका भादव्यात, शुक्रवारचे दिवे लागल्यावर, आकोजी तेल्याच्या घरी मुलगा झाला. त्याच्या आधीची तीन मुलं आठ दिवस जगली नव्हती. दिवे लागले की शनिवारच धरायचा, म्हणून येता शनिवार या बाळाचा आठवा दिवस होता. बाळाची आई मिलकाबाई देवाकडे फक्त तेवढंच मागत होती, की हे आठव्या दिवशी नाव घेऊन जगात यावं.

रविवारी गावात ताप शिरला. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव आडवं झालं, सोमवारी उरलेलं. शेजारचे आगरी आणि कोळी डोंगराकडे निघून गेले, होड्या पलीकडच्या काठाला ओढून ठेवल्या गेल्या. आभाळ असं दाटलं की सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली कळेना. माणसं ग्लानीत बडबडत होती. एखादा जागा व्हायचा, पाणी प्यायचा आणि पुन्हा पडायचा.

सगळ्यांत आधी सिपोराबाई उठली. भिंतीला धरून ओसरीवर आली. सहाही मडकी लवंडलेली होती. तापकऱ्यांच्या उशाशी दिवा ठेवायला ज्याला जसं सुचलं तसं तेल त्याने नेलं होतं. ती मडक्यांकडे बघत राहिली. आपण दोन दिवस पडून होतो की पाच, हे तिला आठवेना.

ती आधी मिलकाबाईकडे गेली. बाळ जिवंत होतं, दूध ओढत होतं. तिने त्याची बेंबी पाहिली. नाळ अजून पडली नव्हती.

"आठवडा झालेला नाही गं," ती म्हणाली. "त्याचा शनिवार अजून यायचाय."

"कधी आहे तो?" मिलकाबाईने विचारलं.

सिपोराबाईने बाळावर पांघरूण ओढलं आणि ती घराकडे वळली.

एकेक करून माणसं उठली आणि सवयीने तिच्या अंगणात जमली. हसाजी काजीही काठी टेकत आला. लग्नं लावणं, सुंता करणं, सगळं त्याच्याकडे होतं. सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले.

"मला माहीत नाही," सिपोराबाई म्हणाली.

मग आकोजी पुढे आला. "मावशी, थट्टा पुरे. वार सांग."

"मोजणं तुटलं माझं, आकोजी. मला माहीत नाही."

"मग एखादा धरून सांग. उद्या शनिवार म्हण. तू म्हणालीस की आम्ही मानू."

"मी म्हटलं म्हणून शनिवार होत नाही रे."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," ती म्हणाली.

काजी खाली मान घालून म्हणाला, "बाई, लोकांना आधार हवाय. चूक निघाली तर देव माझ्या माथी मारेल."

"आणि या बाळाच्या माथी काय? सातवा दिवस, की नववा? त्याचा आठवा एकदाच येतो, काजीसाहेब."

आकोजी संतापला. साठ वर्षं विश्वास ठेवला आणि ऐन वेळी म्हातारी हात वर करते, असं तो सगळ्यांदेखत बोलला. माणसं उठून जाऊ लागली. खरं ऐकून घेण्याची ताकद तेव्हाही थोड्यांकडेच होती. एकीने जाता जाता टोमणा मारला, "आता वार कोणाला विचारायचा? बैलाला?"

सिपोराबाई तिच्याकडे वळली. "हो," ती म्हणाली. "त्याला ताप आला नव्हता."

काजी कसनुसा हसला. "घ्या. आता बैल काजी झाला. नाही तरी माझ्यापेक्षा तब्येत बरी आहे त्याची."

पण ती बोलली ते खरं करायला निघाली. सातही घरांना तिने सांगितलं, बैलाला जुंपायचं नाही, हाकायचं नाही, काही सांगायचं नाही. पहाटे फक्त गोठ्याचं दार उघडायचं आणि तो सवयीने घाण्याशी जातो की सातव्या दिवसासारखा बसून राहतो, ते बघायचं. तोवर रोज संध्याकाळी दिवा लावायचा, दिव्याने कोणाचं वाईट होत नाही. काजीने वस्तरा धार लावून तयार ठेवायचा.

पहिल्या पहाटे तिने दार उघडलं. तिचा तांबू बैल उठला, आपणहून घाण्याशी गेला आणि जोखडाखाली मान वाकवून उभा राहिला. तिने त्याला थोपटून परत नेलं. दुसऱ्या पहाटेही तसंच झालं. आकोजी कुंपणापलीकडून बघत होता. "असा महिनाभर येईल तो," तो म्हणाला. सिपोराबाईने बैलापुढे वैरण टाकली आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं.

तिसऱ्या पहाटे तिने दार उघडलं, आणि तांबू उठला नाही.

ती उंबऱ्यावर बसली. उजाडलं, पक्षी बोलू लागले, तरी बैल रवंथ करत बसलेला. तेवढ्यात आकोजी धावत आला. त्याचाही बैल उठला नव्हता. मग काजीच्या घरून निरोप आला, मग पलीकडच्या घरून. सात गोठ्यांची सात दारं उघडी होती आणि एकही बैल उठत नव्हता. असं म्हणतात की गोठ्यांची दारं पूर्वेला होती, पण त्या सकाळी सातही बैलांची तोंडं पश्चिमेला होती, जिकडे यरुशलेम आहे, जिकडे तोंड करून ती सात घरं प्रार्थना करत आली होती.

आकोजी गोठ्याच्या दारातच खाली बसला. काजीने डोक्यावर रुमाल घेतला आणि प्रार्थना सुरू केली. तापाने घोगऱ्या झालेल्या आवाजांत सगळ्यांनी ती म्हटली. असं म्हणतात की इतक्या दिवसांचं दाटलेलं आभाळ तेव्हा फाटलं आणि सातही अंगणांत एकाच वेळी ऊन पडलं. काजीने बाळाची सुंता केली. बाळाचं नाव एलोजी ठेवलं.

पंधरा दिवसांनी पहिली होडी आली. आकोजी कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि कोळ्याला त्याने आधी वार विचारला. मग बोटांवर उलटं मोजत तो तसाच पाण्यात उभा राहिला. बैल एका दिवसानेही चुकले नव्हते.

एलोजी तेरा वर्षांचा झाला तेव्हा एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने मलिद्याचं ताट भरलं. गोड पोहे, खोबरं, खजूर, फळं. त्याने सिपोराबाईला नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, तांबू तेव्हा आजारी असता तर?"

"तर मी अजून माहीत नाही म्हणत असते."

मग ती म्हणाली, "पुढचा शुक्रवार तू सांगायचास. घरोघरी जाऊन."

"आणि चुकलो तर?"

"तर चुकलो म्हण. लहान मुलांना ते जमत नाही."

सिपोराबाई कोणत्या वारी गेली, हे मात्र तिळखारात कोणालाच सांगता येत नाही.

आज घाणे नाहीत. सातांतली पाच घरं इस्राएलला गेली. पण अजूनही मुलगा तेरा वर्षांचा झाला किंवा मुलगी बारा वर्षांची झाली, की ते मूल शुक्रवारी सकाळी दारोदार जातं आणि म्हणतं, "आज शुक्रवार. दिवे लावा." आणि मोठी माणसं अगदी साळसूद चेहऱ्याने त्याला फसवू बघतात. "अरे, आज तर गुरुवार. कशावरून म्हणतोस?" आगरी-कोळ्यांच्या बायकाही त्यात सामील होतात. मूल भांडतं, पुरावे देतं, कॅलेंडर दाखवतं, कधी रडकुंडीला येतं. जो जिंकतो त्याला खोबऱ्याचा तुकडा मिळतो आणि सगळे हसतात.

पण एखाद्याला खरोखर गोंधळायला होतं. तो इकडे बघतो, तिकडे बघतो, आणि हळूच म्हणतो, "मला माहीत नाही." तेव्हा मात्र कोणी हसत नाही. घरात बसलेली सगळी माणसं, अगदी काठीशिवाय उठता न येणारीसुद्धा, त्याच्यासमोर उठून उभी राहतात.