वाटून सांगितलेलं पाप

कधीकाळी, जेव्हा गावांना नावं होती पण कुणी ती मुद्दाम विचारत नसे, तेव्हा खाडीच्या काठी एक ख्रिस्ती गाव होतं. गावाची भातशेती सखल होती. खारं पाणी आत शिरू नये म्हणून लोकांनी मातीचा बांध घातला होता आणि बांधात एक लाकडी झडप बसवली होती. तिला सगळे उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडी उघडायची, शेतातलं जादा पाणी सोडून द्यायचं आणि भरती येण्याआधी ती लावून टाकायची. हे काम घराघरांत पाळीनं चाले.

त्या गावातल्या एका घरच्या थोरल्या सुनेची ही गोष्ट.

एकदा उधाणाच्या दिवशी पाळी त्यांच्या घरावर आली. धाकटा दीर निघाला, पण त्याचं अंग तापानं फणफणत होतं. सून म्हणाली, "भावजी, तुम्ही पडून राहा. मी लावते उघाडी."

ती निघालीही. वाटेत लग्नघर लागलं. मांडवात बायका गाणी म्हणत होत्या. एकीनं हाक मारली, "अगं, एक गाणं म्हणून जा." सून मनाशी म्हणाली, "भरती काय पळून जातेय?" आणि ती मांडवात बसली.

भरती पळून गेली नाही. ती सरळ शेतात आली. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्याच होत्या. साऱ्या गावाचं भात उभ्या उभ्या सडलं.

गाव जमलं. वडीलधाऱ्यांनी विचारलं, "पाळी कुणाची होती?" दीर अंथरुणातून उठून आला होता. त्याचे पाय लटपटत होते. कुणीतरी म्हणालं, "हा तर प्यायलाय." दिरानं वहिनीकडे पाहिलं.

वहिनी म्हणाली, "पाळी त्यांचीच होती."

शब्दन् शब्द खरा होता. खोटेपणाला याहून चांगला सदरा शिवून मिळत नाही.

दीर काही बोलला नाही. गावानं त्याला बांधावर पाय ठेवायची बंदी केली. ज्याला बांध नाही त्याला शेत नाही. तो होडीत बसला आणि खाडीपलीकडे दुसऱ्यांच्या शेतावर राबायला गेला.

सासूनं सुनेला लग्नघरातून बाहेर पडताना पाहिलं होतं. ती म्हणाली, "सडलेलं भात परत उगवणार आहे का? मग झाकली मूठ ठेव. चार पावसाळे गेले की लोक विसरतात." म्हाताऱ्या माणसांचं हे आवडतं औषध. जखम दुसऱ्याची असली की ते फार लवकर लागू पडतं.

सुनेला मात्र ते लागू पडलं नाही. उपवासकाळ आला. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधी प्रत्येकानं फादरपुढे गुडघे टेकून पापनिवेदन करायचं आणि सगळं सांगून झाल्यावरच सणाला कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायची, अशी रीत होती. सून गावच्या चर्चमध्ये गेली. पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे म्हातारे फादर बसले होते. त्यांना सगळं गाव ठाऊक होतं. ती म्हणाली, "फादर, माझ्याकडून कामात कुचराई झाली." फादरांनी थोड्या प्रार्थना सांगितल्या. ती उठली.

मग ती टेकडीमागच्या गावी गेली. तिथल्या फादरांना म्हणाली, "मी एकदा अर्धंच खरं बोलले." मग ती त्याहून लांबच्या, बाजाराच्या गावी गेली. तिथं म्हणाली, "माझ्या बोलण्यानं एकाचं नुकसान झालं." तिथल्या फादरांनी विचारलं, "ते कसं?" ती म्हणाली, "असंच, बोलता बोलता."

परतीच्या वाटेवर तिनं मनाशी हिशेब जुळवला. सगळं सांगून झालं. ऐकणारे तीन असले तरी देव एकच आहे. बेरीज तो करील.

तिन्ही ठिकाणच्या प्रार्थना तिनं नेमानं म्हटल्या. पण सणाच्या दिवशी कम्युनियनची भाकर तिच्या जिभेवरून टाळ्याला चिकटली आणि काही केल्या गिळवेना. म्हणून पुढल्या वर्षी ती पुन्हा तिन्ही चर्चमध्ये गेली. त्याच्या पुढल्या वर्षीही गेली. तिच्या टाचा फुटल्या. रात्री अंथरुणाला पाठ लागे, पण डोळा लागत नसे. शेजारणी कौतुक करत, "बाई किती भाविक! नाहीतर आमच्या सुना. यांना घराजवळचं चर्च लांब पडतं." नवरा हसून म्हणे, "इतकी पापं करायला तुला वेळ कधी मिळतो गं?" या कौतुकानं आणि या हसण्यानं ती आणखी दमत असे.

अशात एक दिवस खाडीपलीकडून एक गृहस्थ चौकशीला आले. त्यांना आपली मुलगी दिराला द्यायची होती. मुलाचं घर कसं, मुलगा कसा, हे त्यांना ऐकायचं होतं. सासू पदर सावरून म्हणाली, "माझाच मुलगा, वाईट कसं बोलू? पण त्याच्यावर भरवसा टाकायचा म्हणजे... तुम्ही गावात विचारा." गृहस्थांनी गावात विचारलं. संध्याकाळी ते मान खाली घालून होडीत बसले.

सून काठावर उभी होती. आता बोलली नाही, तर या माणसाचा उरलेला जन्मही आपल्या हातून सडेल, हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती गावच्या चर्चमध्ये रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "फादर, कामात कुचराई झाली."

"कोणत्या कामात?"

"घरच्याच."

"घरच्या कोणत्या?"

जाळीपलीकडून एक दीर्घ सुस्कारा आला. "बाई, मी सकाळपासून बसलोय. तुझे गुडघे दुखतायत, माझी पाठ दुखतेय. जे असेल ते एकदाच सांग, म्हणजे दोघं घरी जाऊ."

तिच्यात आता पापाचे तुकडे पाडण्याचंही बळ उरलं नव्हतं. ती म्हणाली, "उघाडी लावायला मी गेले होते. मी मांडवात गात बसले. आणि दोष दिरावर जाऊ दिला."

एवढंच होतं. इतक्याशा वाक्यांसाठी तिनं केवढ्या वाटा तुडवल्या होत्या.

"आणखी?" फादरांनी विचारलं.

"सासूबाईंना माहीत आहे."

"सासूचं सासू सांगेल. तुझं सांग."

"हे मी तीन चर्चमध्ये वाटून सांगत आले. आणि तशीच कम्युनियन घेत आले."

फादरांनी तिला पापक्षमा दिली. मग म्हणाले, "प्रार्थना तू पुष्कळ केल्यास. आता जिथं दिराचं नाव मळवलंस, तिथंच ते धुऊन दे. इथलं मी कुणाला सांगू शकत नाही. ते तुझं तुलाच सांगावं लागेल."

रविवारी मिस्सेची उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात ती बोलली. सासूनं तिचा पदर ओढला, "घराची अब्रू का उधळतेस?" ती म्हणाली, "आई, भावजींची उधळली तेव्हा आपण दोघी चुलीपाशी जेवत होतो."

शेजारणी तिच्यापासून चार पावलं मागे सरल्या. न्याय करणारे वडीलधारे जमिनीकडे बघू लागले. एक म्हणाला, "तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही." ते खरं होतं. त्यांनी फक्त पाळी विचारली होती.

मग ती खाडी ओलांडून गेली. दीर शेतात पेरणीच्या जागी पालापाचोळा पसरून राब भाजत होता. त्यानं ऐकून घेतलं. "मला ठाऊक होतं, वहिनी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. पुढं थांबायचीच सवय लागली." तो पुन्हा राबाकडे वळला. क्षमेचा शब्द तो बोलला नाही आणि तिनंही मागितला नाही.

दीर घरी परतला नाही. पण खरं काय ते पलीकडे कळलं, ती सोयरीक जुळली आणि लग्नाला सगळं गाव होड्यांतून गेलं. सून शेवटच्या होडीत एका कडेला बसली होती. तिच्याशी कुणी फारसं बोललं नाही. परतताना तिला इतकी गाढ झोप लागली, की काठ आल्यावर नवऱ्याला तिचा खांदा हलवून तिला उठवावं लागलं.

तात्पर्य: पाप वाटून सांगितलं तर वाटलं जात नाही, पूर्ण सांगितलं तरच ते खांद्यावरून उतरतं.