फेट्याचा मानकरी

जनावरांना कुस्तीचा नाद होता त्या काळी कोयरीच्या रानात दरवर्षी दंगल भरे. लाथ, बुक्की, पकड, सगळं चाले. ज्याने जमिनीवर तीनदा पंजा आपटला, तो हरला. फेटा मात्र जिंकणाऱ्याच्या वस्तादाला बांधत.

गुंजी मुंगशिणीला अठ्ठेचाळीस डाव येत. वर्षभर ती एका ओंडक्याला पकडी घाली आणि ओंडका दरवेळी हरे. त्याच तोऱ्यात ती दंगलीत धोंडबा अस्वलाच्या पायाला झोंबली. धोंडबाला एकही डाव येत नव्हता. तो नुसता तिच्यावर बसला. गुंजीने घाईघाईने पंजा आपटला.

"पकड तर बरोबर होती," धूळ झटकत ती पुटपुटली. "पण ओंडका असा अंगावर बसत नाही."

"मी बसतो," धोंडबा म्हणाला. "उद्यापासून माझ्यावर सराव कर. मलाही कोणी जोडीदार मिळत नाही."

वर्षभर तो बसत राहिला आणि ती निसटायला शिकत राहिली. अठ्ठेचाळीसपैकी चारच डाव टिकले, पण ते चारही अस्वलावर चालणारे.

पुढच्या दंगलीत धोंडबा बसायला गेला, तर गुंजी खाली नव्हतीच. ती मागून त्याच्या मानेला आवळून बसली होती. त्याने झटके दिले, लोळण घेतली, शेवटी पालथा पडून तीनदा पंजा आपटला.

पंच मोर फेटा घेऊन आला. "गुंजे, तुझा वस्ताद कोण गं?"

"हा काय," गुंजी म्हणाली, "माझ्याखाली पडलाय."

धोंडबाने पडल्या पडल्याच डोकं पुढे केलं.