केरोबाच्या टाचेवरचा तीळ

एका गावात केरोबा नावाचा आचारी राहत होता. पंचक्रोशीतले लग्न त्याच्या हाताशिवाय पार पडत नसे. चुलवणावर मोठ्या हंड्यात भात चढला, की केरोबा अनवाणीच भोवती फिरायचा. मग एक शीत उचलून बोटांत चिरडायचा आणि म्हणायचा, "काढा जाळ." त्या एका शितावर सगळी पंगत जेवायची.

त्याच्या टाचेवर एक तीळ होता. पायावर तीळ म्हणजे पायाला भिंगरी, असे लोक म्हणत आणि केरोबा खूश होई. पण तो तीळ वाढू लागला. काठ वेडेवाकडे झाले, रंग कुठे काळा तर कुठे तपकिरी. एकदा वहाणेला रक्त लागले. ते पाहून त्याची बायको यसूबाई त्याला हट्टाने तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बहुतेक तीळ साधे असतात. पण हा बदललाय. जागा बधिर करून छोटा तुकडा काढू आणि तपासायला पाठवू."

केरोबाने लगेच वहाण चढवली. "तिळाला लोखंड लागलं की त्यो अंगभर पसरतो. समद्यांना ठावं हाय."

"तुकडा काढल्याने रोग पसरत नाही, काका. असलाच, तर थांबल्याने पसरतो."

केरोबा उठला तो उठलाच. वाटेत यसूबाई म्हणाली, "अहो, तुमी हंड्यातलं एक शीत काढता. त्यानं भात नासतो व्हय?"

"भाताचं येगळं," म्हणून तो भराभर पुढे चालू लागला. शहाणा माणूस, पण हट्टाला पेटला की कुणाचे ऐकतो!

त्याच सुमारास त्याच्या साडूने, भिवाने, पाठीवरचा तीळ तपासून घेतला. काही निघाले नाही. केरोबाने भर पंगतीत त्याची टर उडवली, "एवढ्याशा तिळासाठी टाके घालून आला!" सगळे हसले. भिवाही हसला, कारण त्याच्या जिवाचा घोर मिटला होता.

लगीनसराई सरली. दुसरीही सरली. मग केरोबाच्या जांघेत गाठ आली, आणि आता तो आपणहून दवाखान्यात गेला. तुकडा काढला, तपासला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"कातडीचा कॅन्सर आहे, काका. गाठीतही उतरलाय. तेव्हाच तपासलं असतं, तर बहुधा टाचेवरचा थोडा भाग काढून भागलं असतं."

उपचार केले, पण आजार फार पुढे गेला होता. केरोबाने अंथरूण धरले. यसूबाई उशाशी बसून रडू लागली. "मी तवाच तुमास्नी वढून परत न्यायला पायजे हुतं."

"तुजा काय दोष न्हाई," केरोबा म्हणाला. "लोखंडाचं निमित्त हुतं गं. मला सुरीचं भ्या नव्हतं. डाक्टरीणबाई काय सांगतील, त्याचं भ्या हुतं."

यसूबाईने त्याचा पाय मांडीवर घेतला. पुढच्या लगीनसराईत गावाने दुसरा आचारी शोधला.

तात्पर्य: तपासणीने आजार येत नाही, तो असेल तर वेळेवर कळतो आणि नसेल तर जीव हलका होतो. उत्तराच्या भीतीने जो विचारायचेच टाळतो, त्याला ते उत्तर चुकत नाही, फक्त उशिरा मिळते.