हैबतीने न दिलेली हाक

एका डोंगरी संस्थानात हैबती नावाचा एक भोई होता. राणीसाहेबांचा मेणा वाहणाऱ्या चौघांत तो पुढचा. वाटेवर नजर ठेवायची त्याने आणि थकल्यावर 'खांदा बदला' अशी हाक द्यायचीही त्यानेच. या मानाचा त्याला भारी तोरा होता. पण हल्ली त्याचा उजवा खांदा झिजला होता. हात वर नेला की आत करकरायचं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

राणीसाहेब बाळंतपणाला माहेरी निघाल्या. वाटेत अवघड घाट, म्हणून वैद्यबुवा आदल्या दिवशी भोयांचे खांदे तपासायला बसले. हैबतीने मनात हिशेब केला. वैद्यबुवांनी नकार दिला की मेणा गेला, मान गेला, मग तबेल्यात शेण काढायचं!

"रात्री उजव्या कुशीवर झोप लागते?" वैद्यबुवांनी विचारलं.

"चांगला घोरतो की, बुवा!"

"हात वर कर."

हैबतीने कंबर वाकवून हात कसाबसा वर नेला.

"वाकतोस कशाला?"

"सवय हाय जी."

वैद्यबुवांनी सांधा दाबून पाहिला. हैबती कळ गिळून हसला. वैद्यबुवांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. चौघांचे डावे खांदे भरून आले. सगळे हाकेची वाट पाहू लागले. उजवा खांदा मेण्याखाली द्यायचा, या विचारानेच हैबतीला घाम फुटला. पुढच्या वळणावर देऊ हाक, असं तो मनाशी म्हणाला. वळण आलं आणि गेलं.

"हैबतीदादा, खांदा बदल की रं!" मागचा भोई सटवाजी कळवळला.

हैबती चालतच राहिला. इतक्यात सटवाजी कोसळला. मेणा दरीकडे कलला, आतून किंकाळी आली. उरलेल्या तिघांनी जिवाच्या आकांताने तोल सावरला. राणीसाहेब वाचल्या, पण सटवाजीचा पाय मोडला.

मागून येणारे वैद्यबुवा धावले. पाय बांधता बांधता त्यांनी विचारलं, "पडलास कसा?"

"पाय घसरला, बुवा," सटवाजी म्हणाला.

हैबतीला ते ऐकवेना. गप्प राहिला असता तर त्याचा मान टिकला असता.

"खोटं हाय ते," तो म्हणाला. "म्या हाकच दिली न्हाई. माझा उजवा खांदा कामातनं गेलाय. काल तुमच्याशी खोटं बोललो."

वैद्यबुवांनी वर पाहिलं. "काल बोलला असतास तर तुझ्या खांद्याला शेक दिला असता. आता याच्या पायाला काय देऊ?"

तात्पर्य: वैद्यापासून लपवलेलं दुखणं शेवटी सोबतच्या माणसाला भोगावं लागतं.