डोमाजींचा फोटो

“मग कोणता घेऊन जाऊ, भन्तेजी? मोठा की लहान?”

सुगतने हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा भन्ते उपसेन विहाराच्या ओट्याशी आपलं भगवं चीवर वाळत घालत होते. त्यांनी ऐकलं होतं, पण हातातलं काम अर्धं टाकून बोलायची त्यांना सवय नव्हती.

चीवर दोरीवर पसरून झालं. भन्ते गुडघ्याला हात लावत सावकाश खाली बसले.

“दाखव.”

सुगतने सतरंजीवर दोन कॅमेरे ठेवले. एक मोठा, काळा, पुढे वीतभर नळी असलेला. दुसरा चंदेरी, साबणाच्या वडीएवढा.

“मोठा माझा आहे. लहान तपासायला आलाय. पुढच्या अंकात त्याच्यावर लिहायचंय.”

सुगत नंदेश्वर नागपूरच्या एका मासिकात कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहायचा. कोणता घ्यावा, कोणत्यावर पैसे घालवू नयेत, हे लोक त्याचं वाचून ठरवत. दहापैकी गुण द्यायचा, आणि त्याच्या हातून गुण सहजासहजी सुटत नसत. लहानपणी याच विहारात तो रविवारी वंदना शिकायला यायचा. तेव्हाही, “भन्तेजी, आजचं प्रवचन चांगलं होतं पण लांबलं,” असं तोंडावर सांगून जाणारा तो एकटाच होता.

भन्ते त्याच्यावर कधी रागावले नव्हते. प्रवचन खरंच लांबलेलं असायचं.

“या लहानाचं सांग,” भन्ते म्हणाले. “कसा आहे?”

सुगतला बरं वाटलं. हा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता.

“दिसतो तसा नाही. खिशात मावतो, आवाज करत नाही, उन्हात रंग छान देतो. लांबचं जवळ आणतो. तलावाच्या पलीकडचा बगळा काढला काल, पीस न् पीस दिसतं. पण उजेड कमी झाला की संपला. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. बटण दाबल्यावर जरा विचार करतो, तोवर माणूस हलून जातो. आणि डोळा लावायची खिडकीच नाही. मागच्या पडद्यात बघून काढायचा, हात असा लांब धरून. मला ते पटत नाही. डोळा लावल्याशिवाय फोटो काढणं म्हणजे...”

“किती गुण?”

“सहा. जास्तीत जास्त साडेसहा.”

“आणि तुझ्या बापाचा फोटो निघेल का त्याच्यातून?”

सुगतने तलावाकडे पाहिलं. तलावाच्या पाळीवरून कुणी तरी बैल हाकत चाललं होतं.

“त्यासाठीच आलो, भन्तेजी.”

त्याचे वडील डोमाजी. जन्मभर विड्या वळल्या. तंबाखूची धूळ छातीत बसली ती बसलीच. नागपूरच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सुगतला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. सुगत रजा काढून गावी आला होता. आई चार वर्षांपूर्वी गेली. घरात दोघंच, बाप आणि लेक.

“फोटो काढूच देत नाहीत. मोठा कॅमेरा काढला की म्हणतात, तोफ आणली कायले? आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. म्हणून हा लहान घेतला. तळहातात लपवून काढायला गेलो. तर याची नळी बाहेर यायला घरघर, मग हा उजेड शोधत बसला... तोवर बाबांनी दुपट्टा तोंडावर ओढला.”

“तू त्यांना काय सांगतोस?”

“हेच, की वेळ आली म्हणून नाही काढत. सवडीनं एक चांगला काढून ठेवू.”

“हं.”

“याचं हसू येतं तुम्हाला?”

“नाही. पुढं सांग.”

“आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला टेबलावर कोणता फोटो होता, आठवतं? तुम्हीच होता पुढे. ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो, मोठा करून आणला. आईचा चेहरा पिठासारखा पांढरा. चोरी करताना धरल्यासारखी बघते त्यात. लोक फुलं वाहत होते आणि मला खाली बघावं लागत होतं. एवढे फोटो काढले मी जगाचे... बाबांचं तसं होऊ द्यायचं नाही मला. एवढंच आहे.”

त्याने मोठ्या कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

भन्तेंनी लहान कॅमेरा उचलला. उलटा केला, सुलटा केला.

“कुठं दाबायचं?”

“इथं वर. पण आधी हे बटण, सुरू करायला.”

“तिकडं बस. खांबाला टेकून.”

“माझा काढता?” सुगतला हसू आलं. त्याने कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला. “उजेड मागून येतोय, भन्तेजी. मी जरा इकडे सरकतो.”

“सरक.”

तो सरकला. ताठ बसला.

भन्तेंनी कॅमेरा समोर धरला. “असाच राहा. तुझ्या पुण्यानुमोदनाला बरा पडेल.”

सुगतचं हसू तसंच राहिलं, पण त्यातलं काही तरी निघून गेलं.

“वेळ आली म्हणून नाही काढत रे,” भन्ते मऊ आवाजात म्हणाले. “सवडीनं एक चांगला काढून ठेवू. तू गेल्यावर शोधाशोध नको.”

“इकडं बघ.”

सुगतने बघायचा प्रयत्न केला. त्या काचेच्या गोल डोळ्याशी त्याची नजर गेली आणि घसरली. त्याला एकदम डोळ्यांपुढे टेबल दिसलं, पांढरी चादर, मेणबत्ती, आणि चपला काढून आत येणारे लोक.

“जरा हस.”

सुगतने तोंड खांबाकडे फिरवलं.

वाऱ्याने दोरीवरचं चीवर फडफडलं. भन्तेंनी कॅमेरा खाली घेतला.

“दाबलं नाही मी,” ते म्हणाले.

खांबाकडेच बघत सुगतने विचारलं, “मग काढूच नको का?”

मोठा कॅमेरा भन्तेंनी एका हाताने उचलून पाहिला, जड लागला तसा खाली ठेवला. लहान कॅमेरा सुगतच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटवली.

“डोमाजीचे हात चालतात ना अजून?”

“चालतात. पण थरथरतात.”

“विड्या वळायला नाही सांगत मी.”

एवढं म्हणून ते उठले आणि आत दिवा लावायच्या तयारीला लागले.

सुगत घरी आला तेव्हा ऊन उतरत होतं. डोमाजी अंगणात खाटेवर बसले होते. पोराच्या हातात चंदेरी काही दिसलं, तसा त्यांचा हात दुपट्ट्याकडे गेला.

सुगतने कॅमेरा त्यांच्या मांडीशी खाटेवर ठेवला.

“बाबा, माझा फोटो काढता का?”

दुपट्टा अर्ध्यावर थांबला.

“तुझा?”

“माझा एकही नाही घरात. मी नेहमी कॅमेऱ्याच्या मागंच असतो.”

डोमाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं, कुठं काही डाव आहे का म्हणून. मग कॅमेरा उचलला. विडीचं पान पारखावं तसा अंगठ्याने चाचपला.

“मले येते का हे?”

“इथं दाबायचं.”

“डोळा कुठं लावाचा?”

“लावायचा नाही. असाच छातीशी धरा. मी मागच्या पडद्यात दिसतो बघा.”

नळी घरघरत पुढे आली. डोमाजी दचकले. “अरे, हे तं बाहेर आलं,” म्हणाले, आणि हसले. हसण्याचा खोकला झाला. सुगत पाणी आणायला उठला, तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं.

“हालू नको. मान वर कर. वर म्हंतो न मी. शाळेतही असाच बसे तू, मास्तर सांगत.”

“मास्तरांनी कधी सांगितलं?”

“लय वेळा. तुले नाही सांगितलं मी.”

सुगत समोरच्या पायरीवर बसला होता. आल्यापासून त्याने बापाला इतकं सरळ, इतका वेळ पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते कॅमेऱ्यातून, उजेड कुठून येतो ते बघत. आता डोमाजी पडद्यात मान घालून होते, मध्येच वर बघत होते, पुन्हा पडद्यात. पोरगा पडद्यातला खरा की समोरचा, हे ताडून बघितल्यासारखे.

“केस पिकले रे तुझे,” ते म्हणाले.

“हो.”

“तुझ्या मायचे नव्हते पिकले.”

त्यांनी बटण दाबलं. जरा वेळाने पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिले. कधी नुसती पायरी आली, कधी आभाळ, कधी त्यांचंच बोट. प्रत्येक फोटो ते सुगतला बोलावून दाखवायचे, आणि सुगत काहीच नावं ठेवत नव्हता, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

शेवटी त्यांनी कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

“घे. आता माझा काढ.”

सुगतने घेतला. डोमाजींनी स्वतःच दुपट्टा खांद्यावर सारखा केला. हनुवटी जरा वर केली. तोंडावर मघाचं हसू अजून थोडं राहिलं होतं.

सुगतने पडद्यात पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं.

“सकाळी काढू, बाबा. आता उजेड कमी आहे. याला झेपत नाही, दाणे येतील.”

“येऊ दे की.”

“सकाळी मस्त ऊन असतं इथं. दाढी करून देतो तुमची, मग काढू.”

“बरं,” डोमाजी म्हणाले. “तुले समजते त्यातलं.”

सकाळी ऊन खरंच छान पडलं होतं. सुगत गरम पाणी आणि साबण घेऊन खाटेशी गेला. त्याने दोनदा हाक मारली.

डोमाजींच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी तो विहारात आला. ओट्यावर बसला. वंदन करायचं राहिलं, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

भन्ते शेजारी येऊन बसले.

“उद्या टेबलावर काय ठेवू?” सुगत म्हणाला.

भन्तेंनी त्याच्याकडे तोंड वळवलं.

“ते स्वतःच ‘माझा काढ’ म्हणाले होते, भन्तेजी. समोर बसले होते, हनुवटी वर करून. आणि मी उजेड बघत बसलो.” त्याने खिशातून चंदेरी कॅमेरा काढला आणि ओट्यावर ठेवला. ठेवताना तो थोडा आपटला. “तुमच्याकडे आलो नसतो तर कदाचित चोरून एखादा मिळाला असता. झोपेतला तरी. आता काहीच नाही.”

“याच्यात काहीच नाही?”

“माझे आहेत. त्यांनी काढलेले.”

“दाखव.”

सुगतने एक एक पुढे सारला. पायरी. आभाळ. बोट. पायरीवरचे त्याचे पाय. मग एका फोटोशी त्याचा हात थांबला. त्यात तो पायरीवर बसलेला होता.

“हा त्यातल्या त्यात,” तो म्हणाला. आणि सवयीने, दुसरं काही सुचेना म्हणून, कुणीही न विचारता सांगू लागला. “तिरपा आलाय. डोक्याचा वरचा भाग कापला गेलाय. हात थरथरला, त्यामुळे कडा पुसट. दाणे तर आहेतच. आणि...”

“आणि?”

“नजर लेन्सवर नाही. चुकलीय. जरा वर गेलीय.”

भन्तेंनी कॅमेरा त्याच्या हातातून घेतला. दोन्ही हातांत धरून, डोळ्यांपासून लांब नेऊन, त्यांनी तो फोटो पाहिला. पायरीवर बसलेला पिकल्या केसांचा माणूस. कपाळावर आठी नव्हती, कॉलर वाकडी होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि कुणाचं तरी बोलणं संपू नये असं वाटत असल्यासारखा तो ऐकत होता.

तलावावर बगळे उतरले.

भन्तेंनी कॅमेरा सुगतच्या ओंजळीत परत ठेवला.

“मग हा बघतोय कुणाकडे?”